गादीत नसलेला फोन

किल्लीला ती बाई पहिल्याच भेटीत आवडली, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

एखादं माणूस फार लवकर आवडायला लागलं की सावध व्हायचं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तुरुंगाबाहेर तिचा धंदाच तो होता, लोकांना आवडण्याचा. मालक परगावी गेलेली घरं ती हुडकून काढायची, कुलपाची किल्ली कुठून तरी पैदा करायची आणि घर शोधत वणवण फिरणाऱ्यांना ते आपलंच म्हणून भाड्यानं द्यायची. एकच घर चार-चार कुटुंबांना. सामानाचा टेंपो दारात येईपर्यंत बाई पसार. कोर्टात सरकारी वकिलानं टेबलावर किल्ल्यांचा भला मोठा जुडगा आपटला होता. त्याची गोष्ट तिच्या आधीच तुरुंगात पोचली आणि आत पाऊल टाकल्या दिवसापासून तिचं नाव किल्ली पडलं.

पोटात बाळ आहे हे तिला आत आल्यावर कळलं. बाळाचा बाप म्हणजे धंद्यातला भागीदार. पोलीस पुढच्या दारात आले तेव्हा तो मागच्या दारानं गेला, तो गेलाच.

पोट चांगलं दिसायला लागलं तेव्हा एक दिवस पहारेकरणीनं तिला वकिलांच्या भेटीच्या खोलीत नेलं. एक टेबल, दोन खुर्च्या, दाराला काच. खुर्चीवर एक मध्यम वयाची बाई बसली होती. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, त्यावर नावाखाली ‘डूला’ असं छापलेलं. तो शब्द तुरुंगात कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्या तिला सोबतीण म्हणायच्या.

किल्ली आत आली तशी सोबतीण उठली, आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून अलीकडे आणली आणि तिच्या शेजारी मांडली. किल्लीनं ते टिपलं. गिऱ्हाइकाच्या समोर कधी बसायचं नाही. समोर बसलं की सौदा वाटतो, शेजारी बसलं की आपुलकी वाटते. हे ती स्वतः भागीदाराला शिकवत असे.

“तुम्हाला काय म्हणू?” सोबतिणीनं विचारलं.

“सगळ्या किल्ली म्हणतात.”

“तुम्हाला चालतं?”

इथं आल्यापासून तिला कोणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं, आणि काय चालतं हे तर मुळीच विचारलं नव्हतं. तिनं नुसते खांदे उडवले.

“मी डॉक्टर नाही, सुईणही नाही,” सोबतीण म्हणाली. “तपासणी त्या करतील, बाळंतपण त्या करतील. मी जवळ असते. आत्ता पाठ-कंबर दुखते तेव्हा, आणि कळा सुरू झाल्या की दवाखान्यातसुद्धा. बाळ होईपर्यंत हलत नाही.”

“आणि त्यात तुम्हाला काय मिळतं?”

“संस्था पगार देते. बेताचाच.”

“आणि संस्थेला?”

सोबतीण हसली. “ते मलाही एकदा विचारायचंय त्यांना.”

हेही किल्लीला ओळखीचं होतं. गिऱ्हाइकानं अवघड प्रश्न विचारला की आपल्यावरच एक विनोद करायचा. माणूस सैल पडतं.

मग सोबतिणीनं तिला टेबलावर हात टेकून ओणवं उभं राहायला सांगितलं आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना मुठी दाबल्या. कित्येक दिवस तिथं ठाण मांडून बसलेलं दुखणं एकदम जागचं हललं. किल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं जांभई दिल्यासारखं केलं आणि ते पुसून टाकलं.

बरॅकीत परत आल्यावर शेजारच्या गादीवरची पोरगी वाटच बघत होती. पोरगी म्हणजे कशीबशी वीस वर्षांची असेल, तिलाही दिवस गेलेले आणि ते किल्लीच्या आधी भरायचे. सगळ्या तिला लहानगी म्हणत. आवाज चढला की तिची पाचावर धारण बसायची, आणि तुरुंगात आवाज उतरतो कधी?

“भेटली ना ताई? किती चांगली आहे ना ती?” लहानगी म्हणाली. “मी तर तिला सगळं सांगते.”

“सगळं?” किल्लीनं विचारलं.

“सगळं. रडतेसुद्धा.”

पलीकडच्या कोपऱ्यात मावशी पडली होती. बरॅकीतली सगळ्यात जुनी. तिनं कूस बदलली आणि छताकडं बघत म्हणाली, “गेल्या वर्षी खिडकीजवळ एक होती, तीही सगळं सांगायची हो. तिसऱ्या दिवशी बाळ बाहेर. फाटकापर्यंत कडेवर घेऊन कोण गेलं, माहीत आहे? हीच.”

“कोणाला दिलं बाळ?” किल्लीनं विचारलं.

“ते मला काय विचारतेस? तुझी सोबतीण येते ना, तिला विचार.”

झालं. त्या दिवसापासून किल्ली सोबतिणीकडं डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. बाई दर आठवड्याला यायची. मागच्या खेपेला काय बोललो ते तिच्या बरोबर लक्षात असायचं. डाव्या कुशीवर झोप लागते का, जळजळ कमी झाली का, बाळ दुपारी जास्त हलतं म्हणाला होतात. आपल्यासाठी कोणी एवढं लक्षात ठेवावं असं आपल्यात आहे तरी काय? किल्लीही गिऱ्हाइकांच्या पोरांच्या शाळा लक्षात ठेवायची. दोन-तीन भेटी नुसतं ऐकायचं, काही मागायचं नाही. मागणी नंतर येते. ती कधी येते याची किल्ली वाट बघत होती.

एक दिवस ती आली.

“बाळ झाल्यावर,” पाठ चोळता चोळता सोबतीण म्हणाली, “बाहेर तुमचं कोण आहे?”

किल्लीनं कान टवकारले. “का?”

“मूल तुमच्याजवळ राहू द्यायचं की बाहेर पाठवायचं, हे तुरुंगाच्या मोठ्या मॅडम ठरवतात. बहुतेक वेळा राहू देतात. पण विचारणा होतेच. बाहेर सांभाळणारं माणूस असलं तर मूल परक्या हातात जात नाही.”

“मॅडमना कोण सांगतं? तुम्ही?”

“मी नाही. मला त्यात विचारत नाहीत.”

किल्लीला एक थोरली बहीण होती. पण ती परगावी गेली असताना किल्लीनं तिचंही घर एकदा भाड्यानं देऊन टाकलं होतं, आणि तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं नव्हतं. यातलं काही तिनं सांगितलं नाही. “कोणी नाही,” ती म्हणाली, आणि मनात म्हणाली, बाई, आत्ता सापडलीस. कोणाचंही नसलेलं मूल. हेच हवं होतं ना तुला?

पण नुसत्या संशयावर थांबेल तर ती किल्ली कसली. तिनं सापळा लावायचा ठरवलं. सापळा साधा होता. एक गोष्ट फक्त सोबतिणीला सांगायची, दुसऱ्या कोणालाही नाही. मावशीला नाही, लहानगीला तर नाहीच. ती गोष्ट वरपर्यंत पोचली तर बाई कोणाची, ते आपोआप कळेल.

पुढच्या भेटीत ती संधी शोधत राहिली. दारामागच्या पहारेकरणीला बसल्या जागी तहान लागायची. ती बाटली घेऊन उठली आणि काचेतून दिसेनाशी झाली, तेव्हा किल्ली हळूच म्हणाली, “तुम्हाला म्हणून सांगते. माझ्या गादीत फोन आहे.”

पाठीवरच्या मुठी थांबल्या.

“हे मला का सांगितलंत?”

“तुमच्यावर विश्वास आहे म्हणून.”

सोबतिणीनं काचेकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, “मग आणखी कोणाला सांगू नका. आता डावा पाय जरा मागे घ्या.”

पहिला दिवस काहीच झालं नाही. दुसराही तसाच गेला. किल्लीला वाटायला लागलं की आपणच उगाच साप साप म्हणून भुई धोपटली. आणि त्या वाटण्यानं तिला जे हलकं वाटलं, त्याचीच तिला भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे धुवायची वेळ झाली आणि चौघी पहारेकरणी बुटांनिशी बरॅकीत शिरल्या. सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. किल्लीची गादी त्यांनी पात्यानं उभी चिरली. कापूस खोलीभर झाला. तिच्या गादीत काही मिळेना तेव्हा शेजारची फाडली, मग तिच्या पलीकडची. लहानगीला उभं राहवेना. पोट धरून ती जमिनीवर बसली तर तिला दंडाला धरून पुन्हा उभं केलं.

फोन नव्हताच, तो मिळणार कुठून? पण किल्लीला हवं ते मिळालं होतं. आपला संशय खरा ठरला याचा तिला आनंद झाला. नाही असं नाही, झाला. फक्त तो तिच्या घशाखाली उतरेना.

त्या आठवड्यात सोबतीण आली तेव्हा किल्लीनं निरोप पाठवला, “सांगा तिला, मला नको आहे ती.”

पहारेकरीण संध्याकाळी म्हणाली, “पूर्ण वेळ बसून होती तुझ्यासाठी. जाताना विचारत होती, पायाला सूज आहे का म्हणून.”

“मग काय सांगितलंत?”

“मी काय तुमच्या दोघींची टपालवाली आहे?”

त्याच्या पुढच्या आठवड्यात सोबतीण आलीच नाही. किल्लीकडंही नाही आणि लहानगीकडंही नाही. लहानगी केस विंचरून, तोंड धुऊन तयार बसली होती. जेवणाची घंटा झाली तरी तशीच बसून राहिली.

दोन दिवसांनी मोठ्या मॅडमनी किल्लीला बोलावलं. मॅडमचं ऑफिस नेहमी गार असायचं आणि टेबलावर काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

“फोन कुठं हलवलास?”

“नाही फोन.”

“तुझ्या सोबतिणीला बोलावून विचारलं मी. तिनंच आणून दिला का, तिला काही बोललीस का तू. म्हणाली, बायका मला जे सांगतात ते त्यांचं असतं, मी सांगणार नाही. म्हणजे काही तरी सांगितलंयस. तिचा पास मी बंद केलाय. आता तू तरी बोल.”

किल्ली मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली. सोबतिणीनं सांगितलं नाही? मग झडती कशी झाली? दारातून बाहेर पडेपर्यंत तिचं उत्तर तयार होतं. हे नाटक आहे. ती आणि भागीदार हेच करायचे. तो गिऱ्हाईक बनून यायचा, किल्ली त्याला झिडकारायची, आणि ते बघून खऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसायचा. मॅडम रागावल्या, सोबतीण शहीद झाली, की किल्ली विरघळणार आणि उद्या मूल देऊन टाकायच्या कागदावर अंगठा उठवणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्यांना फसवायच्या जेवढ्या वाटा तिला माहीत होत्या, त्या सगळ्या वाटांनी आता तिच्यावर कोणी ना कोणी चाल करून येत होतं.

पण नाटक असेल तर ते कुठं तरी उघडं पडणार. लहानगीचे दिवस भरले होते. पास बंद हे ढोंग असलं तर सोबतीण दवाखान्यात लहानगीजवळ असणारच.

लहानगीला दुपारी कळा सुरू झाल्या. गाडी यायला उशीर झाला. दोन पहारेकरणी तिला धरून घेऊन गेल्या तेव्हा ती मागं वळून एकच विचारत होती, “ती येईल ना ताई? तिनं सांगितलं होतं, ती येईल.”

“येईल,” किल्ली म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

लहानगी परत आली ती बाळाला छातीशी धरून. मुलगा होता, चांगला गुटगुटीत. बाळ झोपल्यावर किल्ली तिच्या गादीजवळ जाऊन बसली.

“आली होती का?”

लहानगीनं मान हलवली. नाही.

“कोणीच नव्हतं?”

“एक नर्स होती. तिला दुसऱ्याही बायका होत्या. माझा एक हात पलंगाच्या दांडीला बांधला होता. पहारेकरीण दाराकडं तोंड करून बसली होती.” लहानगीच्या मनगटावर अजून वळ होता. “मी हाका मारत होते ताई. कोणाला मारत होते, मलाच माहीत नाही.”

किल्ली उठून आपल्या गादीवर आली. गादी आता शिवलेली होती, मध्ये गाठोडं झालेलं. नाटक नव्हतं तर. मग मॅडमच्या कानावर कोणी घातलं?

दुसऱ्या दिवशी तिनं पहारेकरणीला गाठलं. आडून काही विचारायचं नाही असं ठरवून तिनं सरळ विचारलं, “फोनचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे?” पहारेकरीण म्हणाली. “मी नळावर बाटली भरत होते. त्या भेटीच्या खोलीची हवेची झडप नळाच्या बरोबर वर आहे. मी काय कानात बोटं घालू? ऐकलं, आणि ड्यूटी बदलताना लिहून दिलं. नसतं दिलं आणि उद्या फोन निघाला असता तर माझी नोकरी गेली असती.”

“दोन दिवस का लागले मग?”

“वरून हुकूम यावा लागतो. तुझ्या धंद्यासारखं नाही इथं, चट किल्ली आणि पट घर.”

किल्लीला हेही खरं वाटेना. ही पहारेकरीण सोबतिणीला वाचवत असेल तर? तिनं झाडलोटीची पाळी मागून घेतली आणि पोट सावरत बादली घेऊन त्या गल्लीत गेली. नळाच्या वर खरंच एक झडप होती, लाकडी, अर्धी उघडी. आत कोणा बाईचा वकील बसला होता. नळ चालू असूनही त्याचा शब्द न् शब्द खाली पडत होता. तारीख, साक्षीदाराचं नाव, सगळं.

बादली भरून वाहायला लागली तरी किल्ली तिथंच उभी. आयुष्यभर तिनं लोकांना घरं दाखवली. खिडकी कुठल्या दिशेला, ऊन कधी येतं, शेजारचं काय ऐकू येतं, सगळं तिला पाठ असायचं. आणि स्वतः महिनाभर ज्या खोलीत बसली, तिथं तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष एका बाईच्या हातांवर होतं.

तिनं मॅडमची भेट मागितली. ती मिळायला बरेच दिवस गेले. तोवर तिला बसलं की उठवत नव्हतं आणि उठलं की बसवत नव्हतं.

“फोन कधीच नव्हता,” ती म्हणाली. “सोबतीण तुमची हेर आहे असं मला वाटलं. ते बघायला मी खोटं सांगितलं. तिनं काही केलं नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “चार कुटुंबांना एक घर दिलंस तेव्हाही असंच, डोळ्यांत डोळे घालून बोलली असशील.”

“हो.”

“मग आज मी विश्वास ठेवावा असं त्यात काय आहे?”

किल्लीला खूप काही सुचलं. हुंदका देता आला असता, पोटावर हात ठेवता आला असता, काचेखालच्या फोटोंकडं बघून एक वाक्य बोलता आलं असतं आणि ते वाक्य लागूही पडलं असतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. खरं सांगायचं म्हणजे तिला ते फार जड गेलं. अंगावरचे कपडे काढून ठेवल्यासारखं वाटलं.

“नका ठेवू विश्वास,” ती म्हणाली. “शिक्षा द्या मला. फोनची द्या, नाहीतर खोटं बोलल्याची द्या. पण ती मुलगी एकटी बाळंत झाली, ते माझ्यामुळं. तिला अजून सोबतीण लागते. बाळाला नीट घेता येत नाही तिला. माझ्याकडं पाठवू नका हवं तर. तिच्याकडं पाठवा.”

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. “बघू,” म्हणाल्या, आणि घंटी वाजवली.

किल्लीची महिनाभराची भेट आणि आठवड्याचा फोन बंद झाला. दोन्हीला तसं कोणी नव्हतंच, त्यामुळं बरॅकीत मावशी हसली. सोबतिणीचं काय झालं, कोणी सांगितलं नाही.

कळा सुरू झाल्या तेव्हा किल्ली कपडे वाळत घालत होती. दवाखान्यात तिला कोपऱ्यातल्या पलंगावर घेतलं, डावं मनगट दांडीला अडकवलं आणि पहारेकरीण खुर्ची ओढून बसली. सुईण येऊन तपासून गेली. अजून वेळ आहे म्हणाली. किल्लीनं दाराकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी प्रत्येक पावलाला तिची मान वळायची.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला सोबतीण आली. पिशवी खाली ठेवली, हात धुतले, आणि दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. किल्लीच्या मनात पहिला विचार आला तो असा, हिला कोणी पाठवलं असेल?

“का आलात?” तिनं विचारलं.

“संस्थेचा फोन आला. पास सकाळी परत मिळाला.”

“मी तुम्हाला अडकवलं.”

“माहीत आहे. कळ कुठून सुरू होते, पाठीतून की पुढून?”

“पाठीतून.” कळ आली आणि गेली. सोबतिणीची मूठ जागेवर होती. दम परत आल्यावर किल्ली म्हणाली, “मला हेर वाटलात तुम्ही. नाहीतर मूल विकणारी.”

“गेल्या वर्षीच्या त्या बाळावरून?” सोबतीण म्हणाली. “ते तिच्या आईकडं दिलं. बाळाची आजी फाटकाशी उभी होती. आत सोडेनात, म्हणून मी नेऊन दिलं.”

आणखी एक कळ गेली. मग किल्लीनं विचारलं, “फोन खरंच आहे असं वाटलं होतं तुम्हाला?”

“नाही.”

“का?”

“खरं काही सांगायचं असलं की तुमचा श्वास अडतो. पाठीवर हात असला की कळतं. फोनचं सांगताना तुम्ही अगदी निवांत होता.”

किल्लीला हसू आलं आणि कळही आली, दोन्ही एकदमच, त्यामुळं पहारेकरीण दचकून उठली.

“राग नाही आला?” किल्लीनं नंतर विचारलं.

“आला. तुमचा नाही एवढा. त्या मुलीला मी येते म्हणून सांगितलं होतं आणि आले नाही, त्याचा आला.” सोबतिणीचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला होता. “अजून आहे तो. पण तो आत्ता इथं नको. वाका पुढं.”

वाकायला हात अडत होता. सोबतिणीनं पहारेकरणीला विचारलं, “हे सोडता येईल?”

“आणि पळाली तर?”

“पळायला आधी उभं राहता यायला हवं.”

“हिचा काय भरवसा? लोकांच्या घरात बिऱ्हाडं घुसवून आलेली बाई ही.”

तेवढ्यात सुईण आली, तिनंही तेच सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजात सांगितलं. पहारेकरीण पुटपुटत उठली. हातकडी काढली, मग आपली खुर्ची उचलून थेट दारात आडवी टाकली आणि तिच्यावर फतकल मारून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सनाही तिला ओलांडून जावं लागत होतं.

मुलगी झाली. सुईणीनं तिला पुसलं आणि किल्लीच्या छातीवर ठेवलं. थोड्या वेळानं नर्स वजनासाठी न्यायला आली तेव्हा किल्लीनं हात आवळले.

“कुठं नेताय?”

“त्या टेबलावर. तिथं, समोर,” सोबतीण म्हणाली. “मी बरोबर जाते. तुम्ही इथूनच माझ्याकडं बघत राहा.”

किल्ली बघत राहिली. एकदाही पापणी लवू दिली नाही. वजन झालं, मुलगी परत आली, तेव्हा कुठं तिनं डोकं उशीवर टेकलं.

मूल आईजवळ राहू द्यावं असं मॅडमनी ठरवलं. सोबतिणीला त्यात विचारलं होतं की नाही, हे किल्लीला कधी कळलं नाही. सोबतीण म्हणाली, नव्हतं विचारलं. किल्लीनं ते अर्धं मानलं आणि अर्धं तसंच राहू दिलं.

बरॅकीत परत आल्यावर तिनं एक काम अंगावर घेतलं, ते म्हणजे लहानगीला सांगायचं. मावशीनं तिला परोपरीनं सांगितलं, “गप्प बस. तिला काय माहीत आहे? उगाच कशाला खाजवून खरूज काढतेस?” पण किल्लीनं सांगितलं. फोनचं, सापळ्याचं, झडपेचं, सगळं. सांगताना तिचा श्वास अडत होता, हे तिला स्वतःलाच कळलं.

लहानगी ऐकत होती. शेवटी ती उठली, गादीची गुंडाळी केली, बाळाला काखेत घेतलं आणि पलीकडच्या भिंतीला, मावशीच्याही पुढं, जाऊन गादी अंथरली. त्यानंतर तिनं किल्लीला ताई म्हटलं नाही. काही लागलंच तर “अहो” म्हणायची, तेही दुसरीकडं बघत.

सोबतीण पुन्हा दर आठवड्याला यायला लागली. आधी लहानगीकडं जायची, मग किल्लीकडं. दोघींचं एकमेकींना काही सांगत नसे. किल्लीनं एकदा विचारून पाहिलं, “ती माझ्याबद्दल काही बोलते का?” त्यावर सोबतिणीनं मुलीचं टोपडं सारखं केलं आणि दूध पुरतंय का ते विचारलं.

अंघोळीची पंचाईत व्हायची. बाळाला कोणाजवळ ठेवावं, हा प्रश्न. मावशीचे हात थरथरायचे. एक दिवस लहानगी टॉवेल आणि बाळ दोन्ही घेऊन न्हाणीघराच्या दाराशी घुटमळताना दिसली. किल्ली म्हणाली, “दे माझ्याकडं. बघते मी.”

“नको,” लहानगी म्हणाली.

पुढच्या दिवशी किल्लीनं पुन्हा विचारलं. पुन्हा नको. त्याच्या पुढच्या दिवशीही. किल्लीला राग आला नाही. या मुलीच्या जागी ती असती तर तिनंही दिलं नसतं.

मग एका सकाळी बाळानं दुपटं पार भिजवलं, लहानगीचे केस कित्येक दिवसांत धुतले नव्हते, आणि बाहेर पाणी बंद व्हायची वेळ होत आली होती. लहानगी बरॅकीच्या मधोमध उभी राहिली. एकदा मावशीकडं बघितलं. मग येऊन किल्लीच्या गादीवर, तिच्या मुलीच्या शेजारी, बाळाला ठेवलं. न्हाणीघरात गेली पण दार तिनं लावलं नाही, हातभर उघडं ठेवलं. डोक्यावर पाणी घेता घेता तिचा एक डोळा त्या फटीतून बाहेर होता.

किल्लीच्या ते लक्षात आलं. ती थोडी सरकून दाराच्या रेषेत आली, आणि दोन्ही हात दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून, लहानगी बाहेर येईपर्यंत तशीच बसून राहिली.